कॅमेऱ्यात पुष्कळ काही असतं

नवा कॅमेरा घेतल्याचं कळलं की लोक एकच वाक्य ऐकवतात: कॅमेऱ्यात काय असतं, नजर पाहिजे. मी ते लग्नाच्या मांडवात ऐकलं, शहाद्याच्या बसस्टँडवर चहा पिताना ऐकलं, आणि धंद्यातल्या मित्रांकडूनही ऐकलं. हे वाक्य तोंडात इतकं बसलं आहे की ते खरं आहे का, हे तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. मला ते खोटं वाटतं. आमच्या भागात फोटो काढणाऱ्याचं आणि ज्यांचे फोटो निघतात त्यांचंही त्याने नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी समोरच्याची बाजू, आणि ती पूर्ण ताकदीने. फोटो माणूस काढतो, यंत्र नाही. ज्याला नजर आहे तो मोबाइलवरही भारी फोटो काढेल. ज्याला नाही, त्याला लाखाचा कॅमेरा दिला तरी माकडाच्या हाती कोलीत. जुन्या कॅमेऱ्यातून काढण्यासारखं सगळं काढून झालं होतं का? पैसे घालायचेच होते तर लेन्समध्ये घालायचे, बॉडी आज घेतली की उद्या जुनी. बॉडीच हवी होती तर मिररलेस घ्यायची, डीएसएलआरचा जमाना संपला. आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न असतो. काही जण तो उघड विचारतात, बाकीचे मनात ठेवतात: नंदुरबारसारख्या जिल्ह्यात राहून असला खर्च शोभतो का?

याच्या जोडीला स्वयंपाकाचा दाखला हमखास येतो. जेवण चांगलं झालं तर कढई कोणत्या कंपनीची होती, असं कुणी विचारतं का? हा दाखला निदान खानदेशात तरी देऊ नये. खापरावरची पुरणपोळी आमच्याकडची. ती हातांवर झुलवत झुलवत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. हाताला कसब नसेल तर पोळी फाटते, आणि खापर नसेल तर ती होतच नाही. साध्या तव्यावर ती मावतसुद्धा नाही. जिच्या हातात हे कसब आहे ती बाई खापर पारखून घेते, ते जपते, फुटलं तर हळहळते. खापरात काय असतं, हात पाहिजे, असं तिला कुणी सांगायला जात नाही. कसब आणि साधन यांच्यात भांडण लावायची हौस त्यांनाच असते, ज्यांना त्या साधनावर स्वतः काम करायचं नसतं.

माझा जुना कॅमेरा निकॉनचा डी ३१००, २०१० साली बाजारात आलेला. नवा डी ७५००, हे मॉडेल २०१७चं. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्हींच्या सेन्सरचा आकार जवळजवळ सारखा, आणि लेन्स मी त्याच वापरतो आहे. त्यामुळे फरक कुठे पडला हे मला बोट ठेवून सांगता येतं.

पहिला फरक डोळा लावताक्षणी कळतो. डी ३१००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशांची जोडणी आहे. त्यात चित्र लहान आणि थोडं काळसर दिसतं, शिवाय फोटोत जेवढं उतरणार त्याच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंनी ९५ टक्केच दिसतं. डी ७५००मध्ये काचेचा अखंड प्रिझम आहे, चित्र मोठं आणि उजळ आहे, आणि १०० टक्के दिसतं. पाच टक्क्यांनी काय होतं? मांडवात नवरीच्या मागे लाल प्लास्टिकच्या खुर्चीची कड येते, कुणाचा तरी अर्धा हात शिरतो, आणि घरी येऊन संगणकावर उघडेपर्यंत ते कळत नाही. मग रात्री बसून कडा कापत राहा. आता चौकटीत काय आहे आणि काय नाही हे मला बटण दाबायच्या आधी दिसतं. ज्या नजरेचं एवढं कौतुक चाललंय, ती नजर याच भोकातून बघते. ते भोक अंधुक आणि अपुरं असेल तर नजरेने काय करायचं?

आता नजरेकडेच येऊ. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. घोडा विकत घेणारा माणूस त्याची चाल बघतो; रेवाल चाल असेल तर किंमत वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांत वाढलेल्या त्या लोकांपेक्षा तयार नजर कुणाची असणार? तरीही धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात का, याचा निकाल जगातल्या कुठल्याच नजरेने लावला नव्हता. तो १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी लावला. सुटतात, पण चित्रकार दाखवत तसे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले असताना नाही, तर पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षं थोर थोर चित्रकारांनी धावता घोडा चुकीचा रंगवला. त्यांना नजर नव्हती असं कोण म्हणेल? नजरेची एक हद्द असते आणि त्या हद्दीपलीकडचं दाखवायला यंत्र लागतं. कॅमेरा जन्मला तो याच कामासाठी.

माझा जुना कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढायचा, नवा आठ काढतो. ऐकणारा म्हणतो, मग काय, नुसते जास्त फोटो. बाजारात घोडा समोरून दौडत येतो तेव्हा धुळीत त्याचं तोंड, त्याची आयाळ आणि वर बसलेला स्वार हे तिन्ही जमून यायला फार थोडा वेळ मिळतो. तीन फोटोंत तो क्षण दोन फोटोंच्या मधे निसटतो. जुन्या कॅमेऱ्यात फोकसचे ११ बिंदू होते आणि त्यातला मधला एकच भरवशाचा. म्हणून घोडा मधोमध धरावा लागे आणि सगळे फोटो एकसारखे यायचे. नव्यात ५१ बिंदू आहेत, घोडा चौकटीच्या कडेला गेला तरी फोकस त्याच्या मागे जातो. घोडा कुठे ठेवायचा हे आता मी ठरवतो. म्हणजे चौकट रचण्याचं जे काम नजरेचं म्हणतात, ते करण्याची मोकळीक मला नव्या यंत्राने दिली.

पण खरा निकाल काठीच्या होळीत लागतो, आणि या उपदेशकांना मला तिथेच न्यायचं आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी. १२४६ सालापासूनची परंपरा सांगतात. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून, पलीकडच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसं डोंगर उतरून येतात. नवस बोललेले पुरुष बावा, बुध्या होऊन नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर पांढरे ठिपके. नवसाचे दिवस ते कडक नेम पाळतात. रात्रभर ढोल वाजतो, आणि होळी पेटते ती पहाटे. फोटो काढणाऱ्याला रात्रभर मिळतो तो शेकोट्यांचा उजेड आणि कुठेतरी लावलेला एखादा बल्ब.

तिथला हिशेब असा. जुन्या कॅमेऱ्यावर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६००च्या पुढे गेलं की सावल्यांत रंगीत दाणे उतरायचे, चेहरे खडबडीत व्हायचे. त्याच्यासोबत आलेली लेन्स झूम केली की एफ ५.६च्या खाली येत नाही; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. या दोन्हींचा मेळ घातला तर शेकोटीजवळसुद्धा शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात नाचणाऱ्या माणसाचा पाय हातभर हलतो, मोरपिसं पुसून जातात, आणि हाती येतो तो रंगाचा फरकाटा. नव्या कॅमेऱ्यावर मी ६४०० बिनधास्त ठेवतो. आयएसओ चौपट, म्हणजे वेळ चौथा हिस्सा: सेकंदाचा साठावा भाग. माणूस माणसासारखा दिसू लागतो.

इथे लेन्सवाले पुढे येतात. बॉडी बदलण्याऐवजी एफ १.८ची पन्नासची लेन्स घ्यायचीस, अंधारासाठी तीच पुरे. विरोधातल्या सगळ्या मुद्द्यांत एवढाच एक विचार करण्यासारखा आहे, कारण ती लेन्स खरंच सव्वातीन स्टॉप उजेड जास्त देते. पण हे मी कधीच करून बसलो होतो. ती लेन्स जुन्या कॅमेऱ्यावरही लावून पाहिली होती. एफ १.८वर, माणूस दोन मीटरवर असेल तर फोकसमध्ये येते ती जेमतेम अर्धी वीत जागा. बुध्याचा टोप धरला तर डोळे सुटतात, डोळे धरले तर छातीवरच्या माळा धूसर होतात, आणि तो तर नाचतो आहे, घटकेत पुढे घटकेत मागे. सगळा माणूस नीट यायला एफ ४ लागतो, मग वीतभर जागा मिळते. एफ ४ ठेवला की लेन्सने दिलेला बराचसा उजेड परत गेला. तो कुठून भरून काढायचा? आयएसओमधून. आणि आयएसओ बॉडीत असतो. एफ ४, आयएसओ ६४००, सेकंदाचा सव्वाशेवा भाग: हे तीन आकडे जुन्या बॉडीवर, कुठलीही लेन्स लावली तरी, दाण्यांशिवाय एकत्र आले नसते.

शेकोटीपासून दूर, अंधाऱ्या कडेला नाचणाऱ्यांचं आणखी वेगळं. तिथे जुन्या कॅमेऱ्याचा फोकस नुसता पुढेमागे धावायचा, घर्रघर्र करायचा आणि शेवटी काहीच धरायचा नाही. कंपनीच्या कागदावर दोघांतला फरक दोन स्टॉपचा लिहिला आहे, म्हणजे नवा कॅमेरा जुन्याच्या पाव उजेडात फोकस धरतो. जाळ चौकटीत आला की जुना कॅमेरा गोंधळून सगळा फोटो काळा करायचा, नाहीतर जाळ पांढराफटक. त्याचा उजेड मोजणारा सेन्सर ४२० भागांचा, नव्याचा १ लाख ८० हजारांचा, आणि सगळ्यात उजळ जागा सांभाळून बाकीचं मोजण्याची वेगळी सोय त्यात आहे. आता ज्वाळेचा रंग ज्वाळेसारखा राहतो आणि चेहऱ्याच्या सावल्या नंतर वर उचलता येतात.

कुणी म्हणेल, फ्लॅश मारायचा. नवस पाळून रात्रभर नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा? त्या पांढऱ्या झोतात शेकोटीचा तांबूस उजेड मरतो, मागचा डोंगर आणि माणसं काळोखात बुडतात, आणि राहतो तो भिंतीला लावून काढल्यासारखा एक चपटा देह. काठीच्या होळीचे असले फोटो आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्यात होळी कुठेच नसते. फ्लॅश न मारता, कुणाच्या पुढे न जाता, नाच न अडवता फोटो काढायचा तर अंधारात बघणारा कॅमेराच लागतो. हा शिष्टाचाराचाही प्रश्न आहे.

आता मोबाइल. मोबाइल पुरे, असं सांगणाऱ्यांना माझा सवाल आहे: कशासाठी पुरे? भरदुपारी, जवळून, स्थिर माणसाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला तो पुरतो, याबद्दल वाद नाही. पण मोबाइलचा नाइट मोड अनेक फोटो घेऊन ते एकावर एक बसवतो. समोरचा स्थिर असेल तर ते जमतं. नाचणारा स्थिर नसतो. मग मोबाइल एकतर त्याची भुतं करतो, नाहीतर दाणे लपवण्यासाठी चेहरा चोपडा करून टाकतो.

आणि चेहऱ्याचं काय करतो? हे मी जवळून पाहिलं आहे. धडगावकडच्या एका लग्नात नवरीच्या भावाने मोबाइलवर काढलेले फोटो मला अल्बममध्ये घालायला दिले. बहिणीचा सावळा, तकतकीत चेहरा मोबाइलने आपल्या मनाने दोन छटा गोरा केला होता. गालावरचं गोंदण पुसट झालं होतं. गळ्यातल्या चांदीच्या दागिन्यांची नक्षी पांढऱ्या डागासारखी झाली होती. तिच्या आईने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "दादा, ही कोण?"

काळ्या-सावळ्या चेहऱ्यांवर फोटोग्राफीच्या यंत्रांनी केलेला हा अन्याय नवा नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर, मग बाकीच्यांचे चेहरे सावलीत बुडाले तरी चालेल. यात सुधारणा व्हायला लागली ती, कोडॅकमधल्याच माणसांच्या सांगण्याप्रमाणे, चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांनी आमच्या मालाच्या गडद छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर. माणसांच्या तक्रारीवर नाही. पुढे आलेल्या कोडॅक गोल्ड फिल्मबद्दल कंपनीचे लोक सांगत की, कमी उजेडातला काळा घोडासुद्धा तिच्यावर नीट उतरतो. यंत्र सगळ्यांना सारखं वागवतं हे म्हणणं तेव्हाही खोटं होतं. कुठल्या यंत्रात कुणाचा चेहरा कसा उतरेल हे ते बनवणारा ठरवतो. म्हणून सावळ्या माणसांच्या मुलखात काम करणाऱ्याने यंत्र निवडून घ्यायला हवं. डी ७५००च्या रॉ फाइलमध्ये १४ बिटची नोंद असते, जुन्याच्या १२ बिटची होती. ४,०९६ पायऱ्यांच्या जागी १६,३८४. चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोत, गडद छटांमध्ये, गालाच्या हाडाखालच्या सावलीत या पायऱ्या कामी येतात. त्वचेचा रंग काय होता हे मी पाहिलेलं असतं, आणि तो तसाच ठेवायचा निर्णय माझा असतो, फोनमधल्या कुठल्या प्रोग्रॅमचा नसतो.

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारींवर हेच लालाच्या बाबतीत होतं. पथारीवर उभं राहिलं की जमिनीवर दहा प्रकारचे लाल असतात: ओल्या मिरचीचा वेगळा, चार दिवस वाळलेलीचा वेगळा, देठाजवळचा पिवळट वेगळा. मोबाइलवर त्याचा एकच लाल पाट होतो, कारण लाल रंगाची नोंद आधीच काठोकाठ भरून गेलेली असते. त्या मिरचीतून वेचणी करणाऱ्या बायांना हे सगळे लाल दिसतात. त्यांच्या कामाचा फोटो काढायचा तर ते लाल त्यात दिसायला नकोत?

फोटो पुरावाही असतो, आणि आमच्या जिल्ह्याएवढं हे दुसऱ्या कुणाला माहीत असायला हवं? रानपिंगळा नावाचं घुबड. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने याच खानदेशात त्याचे नमुने गोळा केले होते, आणि १८८४नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. मधे पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या रिचर्ड माइनर्ट्झहागेनने १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगून एक नमुना पुढे केला. तो जुनाच, चोरलेला नमुना पुन्हा भरून तयार केल्याचं पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नंतर उघड केलं. १९६८मध्ये जिवंत पक्ष्याचा फोटो म्हणून एक दावा झाला, तो साधा पिंगळा निघाला. रानपिंगळ्याच्या माथ्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके नसतात, शेपटी आणि पंखांवरचे पट्टे जाड असतात, चोच मोठी असते. एवढ्याशा खुणांवर सगळं अवलंबून. शेवटी २५ नोव्हेंबर १९९७ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला दिसला, आणि त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. ११३ वर्षांनी. त्या सकाळी त्यांच्याजवळ कॅमेरा नसता तर? तिघांचीही नजर तयार होती. पण या पक्ष्याच्या बाबतीत जग आधी एकदा फसवलं गेलं होतं, नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? आज आमच्याकडचं एखादं पोरगं सागाच्या जंगलात तो पक्षी पाहून आलं आणि मोबाइलवरचा ठिपक्याएवढा फोटो दाखवू लागलं, तर माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत हे त्यात दिसेल? आणि ते दिसावं म्हणून त्याने घरट्यापर्यंत जायचं का? लांब लेन्स आणि सकाळच्या कमी उजेडात टिकणारी बॉडी असेल तर पक्ष्याला न उठवता पुरावा मिळतो.

डीएसएलआर मेला म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. बाजाराची बातमी मलाही माहीत आहे. कॅननच्या प्रमुखांनी २०२१च्या अखेरीस जाहीर केलं की वन डीएक्स मार्क थ्री हाच त्यांचा शेवटचा अव्वल डीएसएलआर. निकॉननेही २०२०च्या डी ६नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. पण कंपनीने नवं मॉडेल काढणं थांबवलं म्हणून माझ्या हातातला कॅमेरा फोटो काढायचा थांबतो का? निकॉनचा हा माउंट १९५९चा आहे. साठहून अधिक वर्षांच्या लेन्सांचा पसारा जुन्या बाजारात पडलेला आहे, आणि मिररलेसवाले आपल्या जुन्या लेन्स विकून टाकतात म्हणून तो स्वस्त झाला आहे. डी ३१००मध्ये फोकसची मोटर नव्हती, जुन्या लेन्स त्यावर हाताने फिरवाव्या लागत. डी ७५००मध्ये ती आहे, म्हणून माझ्यासारख्याला परवडतील अशा कितीतरी लेन्स एका दिवसात कामाच्या झाल्या. आणि बॅटरी. डी ७५०० एका चार्जवर, कंपनीच्या मोजणीने, ९५० फोटो काढतो. निकॉनचाच २०१९चा झेड ५० हा मिररलेस ३२० काढतो, कारण त्याला बघण्यासाठीसुद्धा वीज लागते. माझ्या व्ह्यूफाइंडरला लागत नाही. तासभर डोळा लावून बसलो तरी काच आणि आरसा काही बॅटरी खात नाहीत. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावर दोन दिवसांचं लग्न करून पाहा, मग सांगा कोणता जमाना संपला. मिररलेस आवाज न करता फोटो काढतो, डोळ्यावर आपोआप फोकस धरतो, हे मान्य. ज्याच्या घरात, गाडीत आणि मुक्कामावर प्लग आहे त्याने तो जरूर घ्यावा.

शेवटचा प्रश्न खर्चाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. गरीब, आदिवासी जिल्हा, कुपोषणाच्या बातम्या, आणि तू कॅमेऱ्यावर पैसे उडवतोस. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. त्यांनाही घरच्यादारच्यांनी हेच सांगितलं असेल. त्यांना नजर आधीपासून होती, छायाचित्रणाचं शिक्षण होतं, गोध्र्याला स्टुडिओ चालवून झाला होता. तरी सिनेमासाठी कॅमेरा लागला, आणि परत आल्यावर त्याच कॅमेऱ्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली, तेव्हा कुठे पैसे लावणारा माणूस तयार झाला. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. त्यांनी नुसती नजर घेऊन घरी बसायला हवं होतं का?

काठीच्या होळीला मुंबई-पुण्याहून, परदेशातून माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला हे शोभतं का. त्यांचे फोटो प्रदर्शनांत लागतात, मासिकांत येतात. प्रश्न विचारला जातो तो शहाद्या-तळोद्याच्या माणसाला, ज्याला नाचणाऱ्यांची नावं माहीत आहेत आणि जो उद्याही इथेच असणार आहे. म्हणजे आमचे चांगले फोटो बाहेरच्यांनी काढायचे, आणि आम्ही आमच्या माणसांचे हललेले, दाणेदार, गोरे केलेले फोटो काढून समाधान मानायचं. असं कुणी सरळ म्हणणार नाही, पण 'तुम्हाला मोबाइल पुरे' याचा दुसरा अर्थ कोणता होतो?

देशातली पहिली आधार कार्डं याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०ला वाटली गेली. सरकारला ओळख पटवायला चेहरा हवा होता, तेवढ्यापुरता तो वेबकॅमने टिपला. इथल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा आजही घरात असलेला एकमेव फोटो तोच आहे, आणि माणूस गेल्यावर त्याचीच झेरॉक्स मोठी करून हार घालायला माझ्याकडे आणतात. मी तो संगणकावर उघडतो, डोळ्यांच्या जागी चार-सहा चौकोन असतात, आणि त्यातून आजीचा चेहरा काढून द्या म्हणून नातू समोर उभा असतो. त्याला मी काय सांगू? नजर होती, कॅमेरा चालला असता कुठलाही?

जिल्ह्यात शंभरातले जवळपास सत्तर जण आदिवासी आहेत. त्यांची लग्नं, त्यांचे देव, त्यांची म्हातारी माणसं, त्यांचा नाच यांची नोंद महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुणाच्याही नोंदीएवढीच स्वच्छ, खरी आणि टिकाऊ असली पाहिजे. त्यासाठी नजर लागते, माणसांशी ओळख लागते, धीर लागतो आणि चांगला कॅमेरा लागतो. यातली एकही गोष्ट दुसरीची जागा घेत नाही, आणि पहिल्या तीन आमच्याकडे मुबलक असताना चौथी मागितली की आम्हाला गप्प बसवायचं, हे मी चालवून घेणार नाही.

येत्या होळीला मी हा कॅमेरा घेऊन काठीला असेन, आणि नंतर पाड्यावर जाऊन ज्याचा फोटो त्याच्या घरी बारा बाय अठराची प्रिंट पोचवीन. कॅमेऱ्यात काय असतं म्हणणाऱ्यांनीही यावं. आपल्याला पुरतं म्हणतात ते यंत्र आणावं, फ्लॅश न मारता रात्रभर फोटो काढावेत, तेवढ्याच मापाची प्रिंट करावी, आणि ती त्या बुध्याच्या हातात स्वतः द्यावी.